जुनी फोर-व्हील आणि वाळू: निघण्याआधी थोडं

जुनी फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देता येणारी गाडी घेतलीस, छान. पण विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) आणि जादा दिवे नंतर बघ. आधी बॉनेट उघड आणि रेडिएटरचे होज अंगठ्याने दाबून पाहा. क्लिपजवळ रबर फुगलेलं किंवा भुसभुशीत लागलं तर सरळ बदलून टाक. मी एकदा ‘अजून एक ट्रिप निघेल’ म्हणत तसाच गेलो आणि भर दुपारी प्यायचं पाणी रेडिएटरला पाजलं. तेही तासभर थांबून, कारण इंजिन तापलेलं असताना कॅप उघडायची नसते.

वाळूत सगळा खेळ हवेचा. रस्त्यावर टायरमध्ये ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवत असशील तर वाळूत १८ पर्यंत उतरव. टायर पसरतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो आणि गाडी कमी रुतते. फारच उतरवलीस तर वळणावर टायर रिमवरून निसटेल. डांबरी लागली की आधी हवा भर. म्हणजे पंप सोबत हवाच.

चढणीआधीच फ्री-व्हीलिंग हब (पुढची चाकं ड्राइव्हशी जोडणारी कळ) लॉक कर, लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) टाक, मध्येच गिअर बदलू नकोस. थांबायचं तर ब्रेक न दाबता, तोंड उताराकडे ठेवून. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढ. जोर दिलास तर गाडी पोटावर बसते, मग फावडंच.

पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील बंद कर, टू-व्हील ड्राइव्हवर चालव. अशा बऱ्याच गाड्यांत मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो, त्यामुळे ट्रान्स्फर केसवर (इंजिनचा जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. एअर फिल्टर रोज बघ. आणि एकटा जाऊ नकोस, दुसरी गाडी सोबत घे.