नाशिकमध्ये वडिलांच्या जुन्या स्लाइड्स आणि निगेटिव्ह डिजिटल करायच्या आहेत, कोणता स्कॅनर घ्यावा?

आधी फिल्मचा आकार बघा. सगळं ३५ मिमी असेल तर प्लस्टेकचा ऑप्टिकफिल्म ८२००आय. पण घरात १९८० च्या सिंहस्थाच्या वगैरे मोठ्या चौकोनी निगेटिव्ह, म्हणजे १२० ची रोलफिल्म निघाली, तर त्याचा उपयोग नाही. एप्सनचा व्ही६०० फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर लागेल. खोक्यावरच्या ६४००, ७२०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला इतके ठिपके) भुलू नका, प्रत्यक्षात तपशील बराच कमी मिळतो. २४०० ला ३५ मिमीची फ्रेम साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल येते. अल्बमला पुष्कळ झालं.

इन्फ्रारेडने धूळ-ओरखडे काढायची सोय दोन्हींत आहे, रंगीत फिल्मवर झकास चालते. नेहमीच्या कृष्णधवल निगेटिव्हला मात्र ती बंदच ठेवा. त्यातली चांदी इन्फ्रारेड अडवते, मग सॉफ्टवेअर आजोबांच्या मिशांनाच कचरा समजून पुसायला लागतं!

आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या स्लाइड्सवर जाळीसारखी बुरशी धरते. तिथे ओलं फडकं अजिबात नको, बुरशीने फिल्मवरच्या चित्राच्या थरातलं जिलेटिन पाण्यात विरघळण्याइतकं कच्चं झालेलं असतं. हवेचा ब्लोअर वापरा, बस.

आणि शे-दोनशेच फ्रेम असतील तर यंत्र कशाला? लॅबमधून करून घ्या.