काळी फिल्म पिवळी का पडली?

प्रश्न : नमस्कार सर, आमची बेदाण्याची शेड आहे, मुलगी सांगलीत एमएस्सी फिजिक्सला. प्रोजेक्टला पेरोव्हस्काइटचा लाइट डिटेक्टर करतीय. परवा फोनवर रडायलाच लागली, म्हणे काचेवरची काळी फिल्म चार दिवसाच्या पावसात हळदीसारखी पिवळी झाली, आणि आधी चांगली होती तेव्हाही अंधारात रीडिंग दाखवायची. हे नेमकं काय प्रकरण आहे? आणि सिलिकॉनचे सेन्सर दुकानात मिळत असताना हा उपद्व्याप कशाला?
- एक बागायतदार, तासगाव

उत्तर : दादा, आधी तिला जेवायला सांगा. या कामात फिल्म पिवळी पडली नाही असं कुणी सापडायचं नाही. तुमचा बेदाणा पावसात सापडला की काळा पडतो, हिचं उलटं झालंय एवढंच, शत्रू तोच, दमट हवा.

पेरोव्हस्काइट हे नाव जुनंय. १८३९ साली गुस्ताव रोझ यांनी उरल पर्वतातल्या एका खनिजाला पेरोव्स्की नावाच्या रशियन माणसाचं नाव दिलं, ते कॅल्शियम टायटनेट. मुलगी वापरतीय ते बहुतेक मिथिल अमोनियम लेड आयोडाइड, अणूंची मांडणी तशीच म्हणून नाव तेच चिकटलं. करायचं कसं, तर लेड आयोडाइडची पिवळी पावडर आणि एक पांढरं मीठ सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचं, थेंब काचेवर टाकून काच गरागरा फिरवायची आणि शंभर अंशाच्या हॉटप्लेटवर ठेवायची, डोळ्यादेखत पिवळ्याचं तपकिरी न् मग काळपट होतं. सिलिकॉनचा क्रिस्टल ओढायला १४१४ अंशाला वितळवावं लागतं, कॉलेजच्या लॅबात कोण करणार ते! शिवाय ही फिल्म अर्धा मायक्रॉन जाड, म्हणजे केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्सा, तेवढ्यात दिसणारा बहुतेक उजेड गिळते, सिलिकॉनला तेवढ्यासाठी कितीतरी जाड थर लागतो. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की आयोडीन काढून ब्रोमीन घातलं की तांबडा उजेड घेणं बंद, फक्त हिरव्या-निळ्याला जागं होतं, वर रंगीत फिल्टर बसवायची गरज नाही.

आता पिवळं का पडलं. जे मीठ इतक्या सहज आत बसतं ते पाणी लागलं की तितक्याच सहज बाहेर पडतं, मागं उरतं ते लेड आयोडाइड, सुरुवातीची पिवळी पावडर. म्हणून फिल्म झाल्या झाल्या सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात, आणि डिटेक्टर तयार झाला की वर काच ठेवून कडा सील करायच्या. पावसाळ्यात नायट्रोजनचा ग्लोव्हबॉक्स, म्हणजे बाहेरून हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी, मिळाला तर बरंच, नाहीतर सीझियम लेड ब्रोमाइड करून बघू दे, ते हवेत जास्त टिकतं.

अंधारातल्या रीडिंगला डार्क करंट म्हणतात. डिटेक्टर चांगला की वाईट हे उजेडात किती करंट येतो त्यावर जेवढं ठरतं तेवढंच अंधारात किती कमी येतो यावर ठरतं, आणि माझ्या मते पोरं नेमकं हेच शेवटी बघतात. फिल्मला बारीक भोकं राहिली की वरचा इलेक्ट्रोड, म्हणजे करंट वाहून नेणारा थर, खालच्याला टेकतो, मग अंधार असो की उजेड, करंट वाहतोच. ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, आधी तेवढं बघू दे. दुसरं म्हणजे या पदार्थात आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, पण सरकतात, व्होल्टेज दिल्यावर आकडा बराच वेळ हलत राहतो, तो थांबेपर्यंत वहीत लिहायचं नाही.

मापताना ट्यूबलाइट बंद करून वर काळं कापड टाकायचं. साध्या चोकच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आपल्या डोळ्याला कळत नाही पण चांगल्या डिटेक्टरला कळतो, स्क्रीनवर लाटा दिसतात न् पोरं सर्किट उघडून बसतात.

आणि हो, यात शिसं असतंय. हातमोजे पाहिजेतच, आणि खराब झालेल्या काचा बेसिनमध्ये धुवायच्या नाहीत, वेगळ्या डब्यात ठेवून लॅब असिस्टंटकडं द्यायच्या.