‘थिएटर’ची स्थापना, की रंगभूमीची सूत्रं?

दिवाळी अंकासाठी अनुवाद करणाऱ्या एका मैत्रिणीने परवा एक वाक्य पाठवलं. मूळ लेख इंग्रजी, विषय रोमेनियाचा. तिने केलेला मराठी मसुदा असा: “एकोणिसाव्या शतकातले रोमेनियन राजकारणी मिहाईल कोगल्निचानू यांनी याश शहरात राष्ट्रीय थिएटरची स्थापना केली आणि ते त्याचे दिग्दर्शक होते.” तिचे प्रश्न दोन. ‘थिएटर’ला नाट्यगृह म्हणू की रंगभूमी? आणि ‘राजकारणी’ कानाला बरा लागत नाही, तर ‘मुत्सद्दी’ चालेल का?

प्रश्न दोनच असले, तरी मला त्या वाक्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द अडला.

आधी ‘थिएटर’. ग्रीक ‘थिएट्रॉन’ म्हणजे बघण्याची जागा, प्रेक्षक बसतात ती. त्याला शब्दशः तोडीस तोड शब्द भरताच्या नाट्यशास्त्रात आहे: प्रेक्षागृह. पण मराठीत तो आज सभागृहाच्या आतल्या भागापुरता उरलाय. आपला व्यापक शब्द उलट्या बाजूने आला. रंग म्हणजे खेळ करणाऱ्यांची जागा. महाभारतात कौरव-पांडवांनी आपली शस्त्रविद्या दाखवली आणि कर्ण जिथे मध्येच येऊन उभा राहिला, तोही रंगच. तर युरोपातल्या शब्दाची सुरुवात बघणाऱ्याच्या बाकापासून झाली, आपल्या शब्दाची खेळणाऱ्याच्या पायाखालच्या जमिनीपासून. पुढे दोघांचाही अर्थ पसरला: इमारत, व्यवसाय, परंपरा, कला. फरक एवढाच, की रोमेनियन ‘तेआत्रु’ किंवा इंग्रजी ‘थिएटर’ हे सगळे अर्थ एकाच झोळीत ठेवतं. मराठीने वाटणी करून टाकली. इमारत ते नाट्यगृह, फळ्यांचा तो रंगमंच, माणसांची ती नाटकमंडळी, आणि या सगळ्यांच्या वर उरतं ते रंगभूमी. म्हणून अनुवाद करताना आधी विचारावं लागतं, की कोगल्निचानूने नेमकं काय केलं?

त्याने इमारत बांधली नाही. याशमध्ये आज जी देखणी वास्तू राष्ट्रीय नाट्यगृह म्हणून दाखवतात, ती व्हिएन्नाच्या फेलनर आणि हेल्मर या वास्तुविशारदांची. तिचं उद्घाटन १८९६ साली झालं. कोगल्निचानू १८९१ मध्येच पॅरिसला वारला. त्याआधीचं मोठं नाट्यगृह १८४६ च्या डिसेंबरात उघडलं आणि १८८८ साली आगीत गेलं. आणि ही संस्था आपला जन्म मोजते १८४० पासून. म्हणजे जन्मवर्षी यातली एकही वास्तू उभी नव्हती. ‘नाट्यगृहाची स्थापना’ लिहिलं, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे कोनशिला, थापी आणि चांदीचा हातोडा येईल. तसलं काही घडलंच नव्हतं.

घडलं ते असं. तेव्हाच्या मोल्डाविया संस्थानाच्या राजधानीत, याशमध्ये, अमीर-उमराव फ्रेंच मंडळींचे खेळ फ्रेंचमधून बघत. स्थानिक भाषेतला पहिला प्रयोग ग्योर्गे आसाकी या लेखकाने १८१६ च्या नाताळाच्या सुमारास एका सरदाराच्या वाड्यात केला होता. त्यानंतर अधूनमधून धडपड चालू होती, १८३६ साली नाट्य-संगीताचं एक विद्यालयही निघालं. १८४० मध्ये तिघा तरुण लेखकांकडे फ्रेंच आणि देशी अशा दोन्ही रंगमंचांचा कारभार एकत्र सोपवला गेला: कोस्ताके नेग्रुत्सी, वासिले आलेक्सांद्री आणि मिहाईल कोगल्निचानू. मसुद्यात एकच नाव आहे, ते का, हे मूळ लेखकाला विचारायला हवं. मोठा झालेला माणूस आपल्या साथीदारांचं श्रेय मागाहून ओढून घेतो, निदान चरित्रकार तरी ते त्याच्या खात्यावर जमा करतात.

म्हणून मी ‘स्थापना केली’ खोडलं आणि ‘सूत्रं हाती घेतली’ असं लिहिलं. हा आपल्याकडे कुठल्याही कारभाराला लावतात असा झिजलेला वाक्प्रचार आहे, मान्य. नवा कुलगुरूही सूत्रं हाती घेतो आणि नवा ठाणेदारही. पण ती मुळात सूत्रधाराची सूत्रं आहेत. इथे ती परत आपल्या घरी जातात.

‘दिग्दर्शक’ मात्र सरळ चूक. रोमेनियन ‘दिरेक्तोर’ म्हणजे इथे कारभार बघणारा: कोणती मंडळी ठेवायची, कोणता खेळ लावायचा, पैसा कुठून आणायचा. नटाला “इथून दोन पावलं पुढे ये” असं सांगणारा नव्हे. आपल्याकडे जुन्या नाटकमंडळ्यांच्या जाहिरातींत ‘चालक’ असे, आणि तालीम घेणारा तो तालीममास्तर. चालक अगदी बरोबर बसेल, पण आजच्या वाचकाला तो गाडी हाकणारा वाटेल अशी भीती आहे. ‘संचालक’ चालेल.

आता ‘राष्ट्रीय’. हा शब्द मला सगळ्यांत जास्त आवडला, कारण तो इथे वरवर निरुपद्रवी दिसतो. १८४० साली रोमेनिया नावाचं राज्य नव्हतं. मोल्डाविया आणि वलाकिया ही दोन संस्थानं होती. दोन्हींवर तुर्की सुलतानाचं अधिराज्य आणि वर रशियाचं ‘संरक्षण’. मग राष्ट्रीय म्हणजे कुणाचं? उत्तर भाषेत आहे. फ्रेंच नव्हे ते राष्ट्रीय. आपल्या बोलीतलं, आपल्या माणसांचं, आपल्याला हसवणारं. राज्य नसताना विशेषण मात्र होतं. १८७७ साली परराष्ट्रमंत्री म्हणून हाच कोगल्निचानू संसदेत उभा राहून म्हणाला, की आम्ही स्वतंत्र आहोत, स्वतःच्या पायांवर उभं असलेलं राष्ट्र आहोत. नाम जगापुढे मांडायला सदतीस वर्षं लागली. विशेषण रंगमंचावर आधीच येऊन बसलं होतं.

आज मराठीत ‘राष्ट्रीय’ म्हटलं की महामार्ग, बँका आणि सुट्ट्या आठवतात. शब्दाला सरकारी शिक्का बसलाय. पण टिळकांच्या काळात ‘राष्ट्रीय शिक्षण’ म्हणजे जे सरकारी नाही ते शिक्षण. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार या तिघांच्या पंगतीत बसणारं चौथं. ‘राष्ट्रीय कीर्तन’ही सरकारच्या अनुदानावर उभं राहिलेलं नव्हे. याशमधला ‘राष्ट्रीय’ या जुन्या मराठी अर्थाच्या जवळचा आहे. एक फरक सांगायला हवा: तिथे परवानगी राजाचीच होती, मिहाईल स्तुर्झाची. तरी शब्दाची धार तीच. त्यामुळे ‘राष्ट्रीय रंगभूमी’ ठेवावं, बदलू नये. फक्त जवळपास कुठेतरी ‘फ्रेंच’ हा शब्द यायला हवा, म्हणजे विशेषणाला टेकू मिळेल.

त्याच वर्षी कोगल्निचानूने ‘दाचिया लितेरारा’ हे नियतकालिक काढलं. त्याच्या प्रस्तावनेतलं एक वाक्य रोमेनियात शाळकरी मुलांनाही पाठ असावं इतकं गाजलेलं आहे: भाषांतरांनी साहित्य बनत नाही. नक्कल करण्याची हौस हे आपल्याकडचं घातक वेड झालंय, असंही तो तिथेच म्हणतो. एका हाताने हे लिहायचं आणि दुसऱ्या हाताने रंगमंचावर फ्रेंच नाटकांची रूपांतरं लावायची, कारण पडदा उघडायला दुसरं होतंच काय! अनुवादकांनी या विसंगतीवर रागावू नये. मीही भाषांतराचे पैसे घेतो. स्तुर्झाने ते नियतकालिक काही महिन्यांत बंद पाडलं. रंगभूमी मात्र चालू राहिली, आणि आलेक्सांद्री पुढे तिचा मोठा नाटककार झाला. आज याशच्या नाट्यगृहाला नाव त्याचं आहे, कोगल्निचानूचं नाही.

राहिला ‘मुत्सद्दी’. मूळ अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आलेला. अर्थ कारभार अंगावर घेणारा, आणि मग दफ्तरातला कारकून, कामदार. पेशवाईत या लोकांच्या लेखणीत जी ताकद होती, तिच्यामुळे शब्द वर चढला. हिशेब लिहिणारा तो राज्य तोलणारा झाला. ‘राजकारणी’चा प्रवास नेमका उलटा. राजकारण हा एके काळी जपून बोलायचा, वजनदार शब्द होता, आज ‘राजकारणी’ म्हटलं की माणूस खिसा चाचपतो. रोमेनियनमध्ये स्टेट्समनला ‘ओम दे स्तात’ म्हणतात, म्हणजे राज्याचा माणूस. संस्कृत शिकलेल्यांना इथे हसू येईल. षष्ठी तत्पुरुषाचं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण ‘राज्ञः पुरुषः, राजपुरुषः’ ते हेच की! पण राजपुरुष म्हणजे राजाचा नोकर, त्यामुळे तो इथे नको.

कोगल्निचानूला मुत्सद्दी शोभतो. १८५७ साली मोल्डावियाच्या ‘दिवाना’त, म्हणजे सल्लागार सभेत, (हो, तोच आपला दिवाण. तुर्कांमुळे रोमेनियन भाषेत दुश्मन आणि बक्षीसही आहेत, थोड्या वेगळ्या उच्चारांत) दोन संस्थानांच्या एकीकरणाचा ठराव मांडण्यात तो पुढे होता. १८६३ ते १८६५ पंतप्रधान. त्या काळात मठांच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि कुळांना जमिनी मिळाल्या. हे सगळं मुत्सद्द्याचं काम.

पण हे सगळं नंतरचं. १८४० च्या वसंतात तो बावीस वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी बर्लिनहून शिकून परतलेला, डोक्यात इतिहास आणि हातात छापखान्याची शाई. चार वर्षांनी त्याच स्तुर्झाने त्याला एका मठात कैदेत टाकलं, म्हणजे तोवर मुत्सद्देगिरी अंगी बाणली नव्हती असं दिसतं. १८४१ मध्ये त्याने नेग्रुत्सीबरोबर पाककृतींचं पुस्तक काढलं, दोनशे पदार्थांचं. “मुत्सद्द्याने रंगभूमी स्थापली” असं लिहिलं, की वाचकाला मधल्या वयाचा, मिशीला पीळ देणारा मंत्री दिसतो, सरकारी ठरावावर सही करताना. प्रत्यक्षात तीन उत्साही लेखक होते, रिकाम्या खुर्च्यांची काळजी करणारे. म्हणून ‘मुत्सद्दी’ ठेवायचा, पण ‘पुढे’ या शब्दाच्या मागे.

मैत्रिणीला पाठवलेलं वाक्य असं:

“पुढे रोमेनियाचा मुत्सद्दी पंतप्रधान म्हणून गाजलेल्या मिहाईल कोगल्निचानूने १८४० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, नेग्रुत्सी आणि आलेक्सांद्री यांच्या जोडीने याशमधल्या फ्रेंच आणि देशी अशा दोन्ही रंगमंचांची सूत्रं हाती घेतली, आणि तिथून रोमेनियन राष्ट्रीय रंगभूमी उभी राहिली.”

तिचं लगेच उत्तर आलं: कोगल्निचानू ‘ने’ की ‘यांनी’? बाविसाव्या वर्षी ‘ने’, पंतप्रधान झाल्यावर ‘यांनी’, असं मी कळवलं. एकाच परिच्छेदात दोन्ही आले तर संपादक रागावतील, असं ती म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि शहराचं नाव याश, ‘यश’ नव्हे, हे मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा. तो ते नक्की ‘दुरुस्त’ करेल.