लुथरन सासर: क्रूस, प्रभुभोजन आणि तिकडचे पाळकसाहेब

सलाम ताई,

ज्यांनी तुमचा मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताई नगरच्या सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतल्या. मुलीचं लग्न गुंटूरच्या लुथरन मुलाशी ठरलंय. मुलाकडच्या चर्चमध्ये एका रविवारी बसून आल्या तर वेदीवर ख्रिस्ताची मूर्ती असलेला क्रूस, मेणबत्त्या, गुडघे टेकून प्रभुभोजन, आणि उपासनेच्या सुरुवातीलाच पाळकांनी सगळ्यांना पापक्षमा जाहीर केलेली. घरी परतल्यावर दिरांनी विचारलं, "हे अर्धे कॅथलिक आहेत का?" आता ताईंना काळजी, मुलीला परत बाप्तिस्मा घ्यावा लागेल का, तिथलं प्रभुभोजन तिला चालेल का, आणि लग्न कोणी लावायचं.

मी नगर जिल्ह्यातल्याच मंडळीत वाढलो. नोकरीमुळे बरीच वर्षं आंध्रात काढली. मराठी उपासना तिथे कुठली मिळायला, म्हणून लुथरन मंडळीत बसू लागलो आणि मग बसतच राहिलो. मी पाळक नाही, पण पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, बैठका दोन्हीकडच्या पाहिल्यात.

बाप्तिस्म्याचं आधी उरकतो, कारण उत्तर सोपं आहे. परत घ्यायचा नाही. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा लुथरन मंडळी मानते. तो शिंपडून झाला की बुडवून, लहानपणी की मोठेपणी, कोणत्या मंडळीत, याने त्यांना फरक पडत नाही. उलट परत देणं हीच त्यांच्या लेखी चूक, कारण देवाने एकदा दिलेला शब्द खोटा होता असं म्हटल्यासारखं होतं. फक्त एक तपासा. सी.एन.आय. 1970 साली नागपुरात स्थापन झाली तेव्हा सहा मंडळ्या एकत्र आल्या, त्यात बाप्तिस्ट परंपरेचेही होते. त्यामुळे आपल्यातल्या काही घरांत तान्ह्या मुलाचं नुसतं अर्पण होतं आणि बाप्तिस्मा मोठेपणी. तुमच्या मुलीचं दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी आपला विश्वास मंडळीपुढे पक्का करण्याचा विधी) झालंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे बाप्तिस्माही झालेलाच असणार. दाखला काढून ठेवा.

आता दिरांचा प्रश्न. अर्धे कॅथलिक वगैरे काही नाही, पण तसं वाटण्याला कारण आहे आणि ते 500 वर्षं जुनं आहे. 1521 पासून मार्टिन लूथर, म्हणजे ज्याच्या नावावरून हे लुथरन तो जर्मन धर्मसुधारक, वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिला होता. तेवढ्यात इकडे विटेनबर्गमध्ये त्याच्याच बाजूच्या लोकांनी मूर्ती फोडायला, जुनी उपासना एका झटक्यात मोडायला सुरुवात केली. मार्च 1522 मध्ये तो जिवावर उदार होऊन परत आला आणि ओळीने आठ दिवस उपदेश केला. म्हणणं असं की मूर्तीची पूजा नको हे खरं, पण दुबळ्या विश्वासाच्या माणसाला फरफटत नेऊ नका. वचन सांगा, काम वचन करेल. त्यामुळे ज्या गोष्टी शुभवर्तमानाच्या आड येत नाहीत त्या लुथरन लोकांनी तशाच ठेवल्या: क्रूस, मेणबत्त्या, झगा, चर्चचं पंचांग. झ्विंग्ली आणि कॅल्विन या स्वित्झर्लंडमधल्या सुधारकांच्या बाजूच्या लोकांनी भिंती पांढऱ्या केल्या. आपल्या नगरकडच्या बहुतेक मंडळ्यांची मुळं अमेरिकन मराठी मिशनमध्ये, म्हणजे काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा असं मानणारे), म्हणजे याच दुसऱ्या बाजूची. 1813 साली मुंबईत आणि 1831 साली नगरला आलेले ते मिशनरी साध्या भिंतींचेच होते. म्हणून आपल्याला क्रुसावरची मूर्ती खटकते. ज्यांचं मूळ एस.पी.जी. या अँग्लिकन मिशनमध्ये आहे त्या नगरकरांना तितकं खटकणार नाही.

पण ताई, मेणबत्त्यांची काळजी करू नका. खरा फरक वेगळ्या ठिकाणी आहे आणि तो मुलीला सहा महिन्यांनी जाणवेल.

आपल्याकडे मुलगी मंडळीत आली की हळूच विचारलं जातं, "तारणाचा अनुभव आलाय का? साक्ष दे." निष्ठावंत ख्रिस्ती माणूस म्हणजे ज्याला आपल्या मनातल्या बदलाबद्दल बोलता येतं, असं आपल्या हाडात भिनलंय. लुथरन घरात हा प्रश्न सहसा येत नाही. तिथे आजारी माणसाला पाळक भेटायला आले तर म्हणतील, "तुझा बाप्तिस्मा झालाय." त्यांच्या मते खात्री स्वतःच्या आत शोधायला गेलं की माणूस एक तर गर्विष्ठ होतो नाही तर निराश. लूथर स्वतः मठात याच निराशेतून गेला होता. कितीही उपास केले, कितीही पापं कबूल केली तरी पुरेसं झालं असं त्याला वाटेना. रोमकरांस पत्राच्या अभ्यासात त्याला सापडलं ते हे, की माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो आणि ते नीतिमत्त्व ख्रिस्ताचं, बाहेरून मिळालेलं. मी तसाच पापी, आणि त्याच वेळी नीतिमान. म्हणून देवाची कृपा बाहेरून, कानाने, पाण्याने, भाकरीने येते यावर त्यांचा इतका भर. प्रभुभोजन, पापक्षमा, पाळकपण यांबद्दलचं त्यांचं सगळं वागणं यातूनच निघतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. याच शिकवणीच्या आडोशाने "बाप्तिस्मा झालाय ना, मग बास" म्हणत नाताळ-ईस्टरपुरते चर्चमध्ये येणारे भरपूर आहेत. लुथरन लोकांतच सतराव्या शतकात मनापासूनच्या भक्तीवर भर देणारी भक्तिवादी चळवळ उठली ती यालाच कंटाळून, आणि आपल्या देशात पहिले प्रोटेस्टंट मिशनरी म्हणून आलेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युचाव हे त्या चळवळीचेच. डेन्मार्कच्या राजाने पाठवलं आणि 9 जुलै 1706 रोजी ते तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरले.

प्रभुभोजन. 1529 साली मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं, अडलं ते या एकावर. झ्विंग्ली म्हणे, भाकर ही शरीराचं चिन्ह. लूथरने टेबलावर खडूने प्रभूचेच शब्द लिहून ठेवले होते, "हे माझे शरीर आहे", आणि तो त्या शब्दांवरून हलेना. भाकर भाकरच राहते, पण तिच्यासोबत ख्रिस्त खरोखर दिला जातो, घेणाऱ्याचा विश्वास कमी असला तरी. कसं, ते विचारू नका. भाकरीचं द्रव्यच बदलतं ही कॅथलिक मांडणी त्यांना नको, आणि नुसती आठवण हेही नको. तुम्ही पाहिलं ना, लोक रांगेने वेदीपाशी जाऊन गुडघे टेकतात आणि प्रत्येकाला "तुझ्यासाठी" असं म्हणून दिलं जातं. जोर त्या शब्दावर आहे.

मुलीने घ्यावं का? गुंटूरची मंडळी आंध्र एव्हँजेलिकल लुथरन चर्चची असेल तर माझ्या अनुभवात अडचण आली नाही. आपण कोण, कुठून आलो हे पाळकांना आधी सांगावं, एवढी रीत पाळा. मात्र देशात सगळे लुथरन एक नाहीत. अमेरिकेतल्या मिझुरी सिनड या लुथरन संघाच्या मिशनमधून उभी राहिलेली इंडिया एव्हँजेलिकल लुथरन चर्च ही तमिळनाडू-केरळकडे आहे, तिथे याबाबत जास्त कडक धोरण असतं. जावई कामानिमित्त नागरकोईल किंवा अंबूरला गेला तर "आम्ही लुथरनच" म्हणून गृहीत धरू नका.

आता पाळकसाहेब. तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलं ते पापक्षमेचं: "हा माणूस कोण मला क्षमा करणारा?" प्रश्न रास्त आहे, लूथरनेही तोच विचारला होता. 1520 मध्ये त्याने लिहिलं की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे, शेतकरी असो की बिशप. मग पाळक कशाला? कारण सगळ्यांचं आहे ते कोणी एकाने उठून आपणच चालवू नये. 1530 च्या ऑग्सबुर्ग विश्वासांगीकारात, म्हणजे लुथरन लोकांच्या विश्वासाच्या मूळ जाहीरनाम्यात, 28 कलमं आहेत, त्यातलं चौदावं एका वाक्याचं: रीतसर पाचारण झाल्याशिवाय कोणी मंडळीत जाहीरपणे शिकवू नये, संस्कार देऊ नयेत. म्हणजे पाळकपण हे काम आहे, अधिकाराचं पद आहे, पण त्या माणसाच्या आत्म्यावर वेगळा शिक्का नाही. तो क्षमा जाहीर करतो ती ख्रिस्ताच्या आज्ञेवरून, टपाल आणून देणाऱ्यासारखी. पत्र त्याचं नसतं. आठवं कलम त्याहून उपयोगी. पाळक ढोंगी निघाला तरी त्याच्या हातून मिळालेला बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन खरंच राहतं. मंडळ्यांमधलं राजकारण, जमिनीचे खटले, निवडणुका हे आपल्याकडे आहे तसं त्यांच्याकडेही आहे, कुठे कुठे जास्तच. त्या आठव्या कलमाने मला तिथे टिकवून ठेवलं.

रोजच्या व्यवहारात फरक असा, की आंध्रात एका पाळकाकडे अनेक गावांच्या मंडळ्या असतात. गावात रविवारची उपासना बहुतेक वेळा उपदेशक चालवतो. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाला पाळक येतात. त्यामुळे खेड्यातल्या नातेवाइकांकडे प्रभुभोजन दर महिन्याला असेलच असं नाही. बिशप असावा की नसावा यावर लुथरन लोक डोकं आपटत नाहीत. तमिळनाडूतल्या लुथरन मंडळीत स्वीडनकडून आलेली बिशपांची परंपरा आहे. आंध्रात अमेरिकन वळण, त्यामुळे पूर्वी प्रमुखाला अध्यक्षच म्हणत.

हे अमेरिकन वळण कसं आलं? गुंटूरचे इंग्रज कलेक्टर हेन्री स्टोक्स यांना मिशनरी हवा होता, आणि 31 जुलै 1842 रोजी अमेरिकेतले लुथरन मिशनरी फादर हायर तिथे पोचले, तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. पुढे राजमहेंद्रीचं काम दुसऱ्या मिशनकडे जायची वेळ आली तेव्हा सत्तरी उलटलेला हा माणूस अमेरिकेतून पुन्हा निघून आला. तुमच्या व्याह्यांच्या घरी भिंतीवर त्यांचा फोटो असू शकतो, ओळखीचा विषय म्हणून चांगला आहे. दुसरा विषय डॉ. अ‍ॅना कुगलर यांचा. 1883 साली गुंटूरला आल्या, पुढे बायकांसाठी रुग्णालय उभं केलं. तिकडच्या जुन्या घरांत त्यांचं नाव अजून निघतं.

आणि तुमच्या बाजूने बोलायला एक गोष्ट देतो, कारण लुथरन आणि मराठी यांचा जुना संबंध आहे. तंजावरचे तुळजाजी राजे मरताना दत्तक मुलगा सरफोजी याला ज्याच्या हवाली करून गेले तो श्वार्त्स हा जर्मन लुथरन मिशनरी. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत, पण श्वार्त्स गेल्यावर त्यांनी इंग्लंडहून फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. त्यात मरणशय्येवरच्या श्वार्त्सचा हात धरलेले राजे दिसतात. तंजावरला गेलात तर चर्चमध्ये जाऊन बघा.

घरात एक गमतीचा गोंधळ होणार, आधीच सांगतो. लूथरचा 1529 चा लहान प्रश्नोत्तरसंग्रह तिकडच्या मुलांना तोंडपाठ असतो: आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, आणि प्रत्येकापुढे "याचा अर्थ काय?" पण दहा आज्ञांचे त्यांचे क्रमांक आपल्यापेक्षा वेगळे. मूर्तीची आज्ञा ते पहिलीतच धरतात आणि लोभाची शेवटी दोन करतात. त्यामुळे आपली सहावी "खून करू नको", त्यांची सहावी "व्यभिचार करू नको". संडे स्कूलमध्ये शिकवायला गेलेल्या सुनेने सहावी आज्ञा सांगितली की पोरं हसतात. पुढे नातवंडं झाली की कोणता क्रम शिकवायचा हे दोघांनी आधीच ठरवावं.

लग्न कोणी लावायचं, तर दोन्ही पाळकांनी मिळून लावलेलं मी पाहिलंय; एक विधी चालवतो, दुसरा उपदेश किंवा आशीर्वाद देतो. लुथरन शिकवणीत लग्न हा संस्कार नाही, संस्कार दोनच. लूथरने तर लग्नाच्या विधीबद्दल लिहिताना स्पष्टच म्हटलं की ही ऐहिक बाब आहे, ज्या त्या देशाने आपल्या चालीने करावी. मंडळीने आशीर्वाद मागितला तर द्यावा. त्यामुळे मंगळसूत्र की अंगठी यावर तिकडे वाद घालू नका. तेलुगू ख्रिस्ती लग्नांत मंगळसूत्र सर्रास असतं, त्याला क्रूस जोडलेला असतो. तुमच्याकडून पांढरी साडी आणि अंगठी असेल तर तीही राहू द्या. मात्र कायद्याचं काटेकोर पाहा. जे पाळक प्रत्यक्ष लग्न लावतील त्यांना 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावण्याचा अधिकार हवा, आणि नोंदवहीत सह्या त्याच दिवशी व्हायला हव्यात. बॅन्स, म्हणजे लग्नाची जाहीर सूचना, दोन्ही मंडळ्यांत वाचायला सांगा. तुमच्या पाळकसाहेबांकडून बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाची नोंद, अविवाहित असल्याचं पत्र आणि लग्नानंतर सभासदत्व बदलायचं असेल तर त्याचं वेगळं पत्र, अशी चार कागदं मागून घ्या. गुंटूरला इंग्रजी उपासना कुठे होते ते जावयाला विचारा, कारण पहिलं वर्ष तेलुगूत उपदेश ऐकताना मुलीला काही कळणार नाही. तिकडची कीर्तनं, म्हणजे तेलुगू ख्रिस्ती भजनं, मात्र पहिल्याच रविवारी आवडतील.