नऊ आठवडे झाले, डावी बाजू अजून वरच आहे

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय:

"ताई, मी ३४ वर्षांची, नाशिकची, दोन मुलं आहेत. धाकट्याचं दूध सुटल्यावर छाती अगदीच उतरली, ते मनाला फार लागायचं. स्वतःच्या पगारातून साठवून नऊ आठवड्यांपूर्वी पुण्यात इम्प्लांट बसवून घेतले, स्नायूखाली, २७५ सीसीचे. उजवी बाजू खाली येऊन मऊ झालीय, डावी मात्र वरच चढलेली, टणक, वाटी उपडी घातल्यासारखी दिसते. नवरा म्हणतो उगाच केलंस. सासूबाईंना गाठ काढली असं सांगितलंय, त्यामुळे बाराव्या दिवसापासून पाणी भरणं, धाकट्याला कडेवर घेणं सगळं चालू झालं. सहा आठवड्यांच्या चेकअपला मी गेलेच नाही, हौसेनं केलेल्या गोष्टीची तक्रार कुठल्या तोंडानं करू? नणंदेचं लग्न आलंय, टेलरकडे माप द्यायचा धीर होत नाही. हे असंच राहणार का ताई?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या "कुठल्या तोंडानं" वरच अडले. बाकी सगळ्याबद्दल बोलूच पण आधी हे ऐक. तू ऑपरेशन करून घेतलंस, पैसे मोजलेस, फॉर्मवर सही केलीस, आणि त्यानंतरचं चेकअप हा त्याच उपचाराचा भाग आहे, कुणी तुझ्यावर उपकार करत नाहीये. गुडघा बदललेला माणूस गुडघा दुखला की डॉक्टरकडे जातो ना, मग तू का नाही जायचं? हौस होती म्हणून शरीर परकं होत नाही. त्यामुळे हे वाचून झालं की आधी फोन कर आणि ह्याच आठवड्यातली वेळ घे, बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल.

आता तुझा प्रश्न. मी डॉक्टर नाही, पण माझ्या ओळखीच्या एक प्लास्टिक सर्जन बाई आहेत, त्यांच्याशी ह्या विषयावर बऱ्याचदा बोलणं झालंय, शिवाय अशी पत्रं मला आधीही आलीत म्हणून थोडं वाचलंयही. स्नायूखाली इम्प्लांट बसवला की तो छातीचा मोठा स्नायू सुरुवातीला ताठलेला असतो, वरून दाबून धरतो, त्यात सूज, म्हणून पहिले काही आठवडे ते वर चढलेले आणि वरच्या भागात जास्त भरल्यासारखे दिसतात. मग हळूहळू स्नायू सैल पडतो, खालची कातडी ताणते आणि इम्प्लांट खाली सरकून बसतो. ह्याला साधारण ३ ते ६ महिने जातात, कुणाला त्याहून जास्त. आणि दोन्ही बाजू एकाच दिवशी बसत नाहीत, एक पुढे एक मागे असं होतं. तेव्हा नऊ आठवड्यांना एक बाजू वर असणं, नुसतं एवढंच असेल तर, काही वावगं नाही.

पण तू "टणक" लिहिलंयस आणि त्यासाठीच मला तुला डॉक्टरच्या हाताखाली पाठवायचंय. शरीरात बाहेरची कुठलीही वस्तू बसवली की शरीर तिच्याभोवती स्वतःचं एक आवरण विणतं, पेसमेकरभोवतीही विणतं, त्यात काही बिघाड नाही. ते आवरण पातळ आणि सैल राहिलं तर तुला कळतही नाही. कधीकधी मात्र ते आवळत जातं आणि मग इम्प्लांट घट्ट, गोल आणि वर ओढल्यासारखा होतो. ह्याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात, डॉक्टर त्याचे बेकर ग्रेड लावतात १ ते ४, पहिला म्हणजे मऊ, नॉर्मल, दुसऱ्यात हाताला थोडं टणक लागतं पण दिसायला ठीक, तिसऱ्यात आकार बिघडलेला दिसतो, चौथ्यात त्याच्या जोडीला दुखणंही. तुझं नुसतं अजून बसायचं राहिलंय की हे आवळणं सुरू झालंय, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि रात्री दोन वाजता मोबाईलवर दुसऱ्या बायकांचे फोटो बघून तुलाही कळणार नाही. ते हात लावून बघावं लागतं, गरज पडली तर सोनोग्राफी.

तोवर एक कळकळीनं सांगते, घरगुती उपाय करू नकोस. व्हिडिओ बघून मसाज नको, कारण कुठल्या दिशेनं दाबायचं हे इम्प्लांट गोल आहे का थेंबाच्या आकाराचा, गुळगुळीत आहे का खरखरीत, ह्यावर ठरतं आणि काहींना मसाज अजिबात करायचा नसतो, थेंबाच्या आकाराचा फिरला तर आकारच वाकडा दिसतो. वरून बांधायचा पट्टा मिळतो तोही डॉक्टरनी सांगितल्याशिवाय नको. आणि गरम पाण्याच्या पिशवीनं शेक तर नकोच नको, ऑपरेशननंतर तिथली कातडी कितीतरी दिवस बधिर असते, भाजलं तरी कळत नाही. बर्फाचंही तेच.

काही गोष्टी मात्र थांबून सुधारत नाहीत, त्या लक्षात ठेव. इम्प्लांट टाक्यांच्या रेषेच्या खाली उतरत चाललाय आणि निपल वर बघायला लागलंय, किंवा आडवं पडलं की तो काखेकडे निसटतो, किंवा मधली फट बुजून दोन्ही एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, किंवा खाली एकावर एक दोन गोलाया दिसतात, ह्यातलं काही असेल तर त्याच भेटीत दाखव. हात दाबले की छाती हलते म्हणून घाबरू नकोस, स्नायूखाली असल्यावर ते थोडंफार होतंच. पण एक बाजू अचानक फुगली, लाल झाली, गरम लागली, ताप आला, टाक्यातून पाणी किंवा पू आला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं, पुण्याला जमत नसेल तर नाशिकमधल्या हॉस्पिटलमध्ये, आणि तिथे इम्प्लांट आहेत हे स्पष्ट सांगायचं. तिथे गाठीची गोष्ट सांगत बसू नकोस.

डॉक्टरकडे जाताना आठवणीनं काय करायचं ते सांगते. ऑपरेशनच्या आधी त्यांनी फोटो काढले असतील, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, ते दाखवायला सांग. बहुतेक बायकांच्या दोन बाजू आधीपासूनच सारख्या नसतात, एका बाजूचं निपल थोडं वर, बरगड्यांचा आकार वेगळा, आणि आधी ते आपल्या लक्षातही येत नाही, भराव आला की नजरेत भरतं. माझ्या त्या सर्जन बाई पेशंटला आधीच सांगतात, ह्या बहिणी आहेत, जुळ्या नाहीत. बाराव्या दिवसापासून पाणी भरलंस, मूल उचललंस हे लपवू नकोस, त्यांना ते कळायलाच हवं. आणि इम्प्लांटचं कार्ड माग, कंपनी, आकार, सीरियल नंबर आणि लॉट नंबर असलेलं. त्या कार्डाची किंमत नंतर कळते. २०१९ च्या जुलैमध्ये ॲलर्गन कंपनीनं बायोसेल ह्या खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले, एका दुर्मिळ कॅन्सरशी त्यांचा संबंध दिसला म्हणून, तेव्हा आपल्या छातीत नक्की कुठला आहे हे कार्ड नसेल तर कशावरून सांगणार? घाबरवत नाहीये, पण कार्ड कपाटात हवं.

समाधान झालं नाही तर दुसऱ्या सर्जनचं मत घे, त्यात पहिल्यांचा अपमान वगैरे काही नाही. फक्त त्या माणसाकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे ना आणि मेडिकल कौन्सिलकडे रजिस्टर आहे ना एवढं बघ, नुसत्या "कॉस्मेटिक" पाटीवर जाऊ नकोस. कागद लागतील, ते मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असा नियम आहे, लेखी अर्ज कर. पुन्हा ऑपरेशनची वेळ आलीच तर बहुतेक सर्जन सहा महिन्यांच्या आत हात लावत नाहीत, आधी सगळं बसू देतात, आणि त्याचा खर्च, म्हणजे त्यांची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, कोण देणार हे आत्ताच विचारून लेखी घे. इन्शुरन्सवर भिस्त ठेवू नकोस, हौसेच्या सर्जरीला तो सहसा लागू होत नाही.

आणखी एक, हे इम्प्लांट जन्मभराचे नसतात हे तुला कुणी नीट सांगितलं का? अमेरिकेच्या एफडीएचा सल्ला आहे की सिलिकॉनचे असतील तर त्रास नसला तरी ५ ते ६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर २ ते ३ वर्षांनी, कारण आतल्या आत फाटलेला कळत नाही. पुढे कधी मॅमोग्राफी करशील तेव्हा मशीनवरच्या बाईला आधी सांग, त्या वेगळ्या पद्धतीनं फोटो काढतात.

आता घरचं. नवरा "उगाच केलंस" म्हणाला, ते तुला किती लागलं असेल ते कळतंय मला. पण त्याला ह्यावेळी सोबत ने. डॉक्टरसमोर बसून त्यानं ऐकू दे, घाबरलेला माणूसही कधीकधी असंच बोलतो. तो नाहीच आला तर बहिणीला किंवा मैत्रिणीला ने, एकटी जाऊ नकोस, आपण निम्मं विसरतो.

सासूबाईंचं मात्र माझ्या मनाला लागलं. तू त्यांना सगळं सांगायलाच हवं असं नाही, तुझं शरीर, तुझे पैसे. पण गाठ म्हटल्यावर कुठल्याही बाईच्या मनात कॅन्सरच येतो, आणि ती बाई नऊ आठवडे ती भीती घेऊन वावरत असणार. एवढं तरी सांगून टाक, "आई, काळजीचं काही नाहीये, तसला काही आजार नाही, पण डॉक्टर बघेपर्यंत मला जड उचलायचं नाहीये." खरं तेच सांगितलंस, त्यांचा जीव भांड्यात पडेल आणि तुझ्या हातातली कळशी दुसरं कुणीतरी घेईल.

राहिला ब्लाउज. टेलरबाईंकडे बिनधास्त जा, दोन्ही बाजूंची मापं एक नसतात हे त्यांच्याइतकं रोज कुणी बघत नाही. फक्त घाई नको, लग्नाच्या आधी दहा-बारा दिवस माप दे, आतले कप आत्ता शिवून घेऊ नकोस, आणि त्यांना सांग की दोन्हीकडे चांगली दोन बोटं माया सोडा, आकार अजून बदलायचाय.

भेट झाली की डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, मी वाट बघतेय.