चक्रात काय फिरतं, काय खर्ची पडतं?

प्रश्न : बारावीच्या जीवशास्त्रात ग्लायकोलिसिसला सरळ मार्ग म्हटलंय आणि क्रेब्जच्या क्रियेला चक्र. शेवटचा पदार्थ फिरून पहिला होतो, एवढाच फरक की आणखी काही? शिवाय नवरात्रात उपवास करून गरबा खेळलं की हे चक्र बंद पडतं, असं इथे ऐकलं. खरं का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : फरक आहे तो हिशोबाचा. ग्लायकोलिसिसमध्ये, म्हणजे पेशीत साखर फोडण्याच्या पहिल्या टप्प्यात, सहा कार्बनच्या एका ग्लुकोजपासून दहा पायऱ्यांत तीन कार्बनचे दोन पायरुव्हेट होतात. दोन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च, चार जमा. मधला प्रत्येक पदार्थ पुढच्या पायरीला संपतो. नवा ग्लुकोज आला तरच पुढचं काम. हा मार्गही अगदी सरळ नाही म्हणा. सहाव्या पायरीला एनएडी (इलेक्ट्रॉन उचलणारा रेणू) लागतो आणि तो परत मोकळा झाला नाही तर सगळं तिथेच अडतं. जोराच्या धावपळीत स्नायू पायरुव्हेटचं लॅक्टेट करतात ते त्यासाठीच.

पुढे प्रत्येक पायरुव्हेट एक कार्बन गमावून दोन कार्बनचा ॲसिटिल को-ए होतो. मग क्रेब्ज चक्रात चार कार्बनचा ऑक्झॅलोॲसिटेट ॲसिटिल को-एचे दोन कार्बन उचलतो आणि सहा कार्बनचा सायट्रेट होतो. आठ पायऱ्यांत कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू, तीन एनएडीएच, एक एफएडीएच२ (हे दोन्ही इलेक्ट्रॉन वाहून नेतात) आणि एक जीटीपी (एटीपीसारखाच) बाहेर पडतात. ऑक्झॅलोॲसिटेट जसाच्या तसा परत मिळतो. एका ग्लुकोजमागे असे दोन फेरे. विद्यार्थी ऑक्झॅलोॲसिटेट कच्च्या मालात लिहितात, तिथे गुण जातात. निव्वळ समीकरणात तो कुठल्याच बाजूला येत नाही. म्हणून तो थोडासा असला तरी भरपूर ॲसिटिल को-ए जाळता येतो.

याचा पुरावा मॅलोनेटने मिळाला. हे रसायन चक्रातल्या सक्सिनेट या पदार्थाची पुढची पायरी रोखतं. जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांनी 1937 मध्ये चक्र मांडलं तेव्हा कबुतराच्या छातीच्या स्नायूवरचे प्रयोग त्यामागे होते. मॅलोनेट घातलं की सक्सिनेट साचतो आणि ऑक्झॅलोॲसिटेट परत मिळत नाही. तो बाहेरून घालावा लागतो, आणि जेवढा घालाल तेवढाच पायरुव्हेट जळतो. म्हणजे एक पायरी अडवली की चक्राचा सरळ मार्ग होतो आणि एकास एक हिशोब सुरू होतो.

चक्राला दुसराही धोका आहे, गळतीचा. चक्रातल्या अल्फा-कीटोग्लुटारेटपासून ग्लुटामेट हे अमिनो आम्ल बनतं, ऑक्झॅलोॲसिटेटपासून यकृत ग्लुकोज बनवतं. ही तूट ॲसिटिल को-एने भरत नाही, कारण दोन कार्बन आत येतात तेव्हा दोन बाहेर जातात. (चरबीतल्या स्निग्धाम्लांपासून माणसाच्या शरीरात निव्वळ साखर बनत नाही ती याचमुळे, ग्लिसरॉलचा भाग वेगळा.) भरपाई करतो पायरुव्हेटपासून थेट ऑक्झॅलोॲसिटेट बनवणारा पायरुव्हेट कार्बोक्सिलेज. या एन्झाइमला बायोटिन हे जीवनसत्त्व लागतं, आणि ॲसिटिल को-ए साचला की तो जास्त जोमाने चालतो.

आता उपवास. यकृतातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा साधारण दिवसभरात बराच उतरतो. मग यकृत ऑक्झॅलोॲसिटेट ग्लुकोजकडे वळवतं आणि चरबीतून येणाऱ्या ॲसिटिल को-एपैकी पुष्कळसा भाग कीटोन (रक्तातून इतर अवयवांना जाणारं इंधन) बनतो. चक्र मंदावतं तेही यकृतात. बंद पडत नाही. स्नायू आणि हृदय तेच कीटोन पुन्हा ॲसिटिल को-ए करून आपल्या चक्रात जाळतात. आणि साबुदाण्याची खिचडी, बटाटा, केळी खाऊन केलेला उपवास हा पेशींच्या लेखी उपवासच नाही, त्यात स्टार्च आणि साखर भरपूर असते. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी मात्र कडक उपवास आणि रात्रभर गरबा एकत्र करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं.