आबांवरचं लिखाण वाचून

पोरी,

अनेक आशीर्वाद. आबांच्या वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेसाठी लिहिलेली तुझी आठ पानं मिळाली. एकदा शेजारी म्हणून वाचली, एकदा लाल पेन घेऊन. शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लाल पेनाचं मात्र तुझ्याशी भांडण आहे.

पहिल्याच ओळीत तू ‘मेजर’ लिहिलंयस. अगं, आपल्याकडं पलटणीतून पेन्शनीत आलेल्या प्रत्येकालाच गाव मेजर म्हणतं. आबा हवालदार होते. शिपाई म्हणून बेळगावला भरती झालेल्या माणसाला दंडावर तीन फिती चढवायला किती वर्षं लागली, ते त्यांच्या डिस्चार्ज बुकात आहे. ती वर्षं मोज आणि हवालदारच लिही. त्यांना कमीपणा येत नाही.

मग १९७१ च्या युद्धातलं, पूर्व पाकिस्तानातलं, म्हणजे आताच्या बांगलादेशातलं जमालपूर. आठांतली सहा पानं! पाकिस्तानी लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदनं शरणागतीच्या पत्राला उत्तर म्हणून बंदुकीची गोळी पाठवली, हे खरंच आहे. पण मूळ पत्र आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांचं होतं, आणि गोळी आली तीही त्यांनाच. ते पाकीट उघडताना आबा तिथं उभे होते, हे तुला कोणी सांगितलं? आबांनी तर नाही. आपल्याला ठाऊक आहे ते एवढंच, की ते पहिल्या मराठा बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते, या पलटणीनं जमालपूरला लढाई केली आणि ११ डिसेंबर १९७१ ला तिथली फौज शरण आली. आबांचा पूर्वी स्टार, म्हणजे पूर्वेकडच्या त्या लढाईचं पदक, काढून भिंगातून बघ. नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं सापडेल. तेवढ्या आधारावर जेवढं लिहिता येतं तेवढंच लिही.

माझ्याशी त्या लढाईबद्दल ते एकदाच बोलले. जमालपूर झाल्यावर टांगाइलकडं निघालो, तेव्हा चालता चालता झोप लागायची, म्हणाले. पुढच्याच्या पाठीवर डोकं आपटलं की जाग यायची. टांगाइलला पॅराशूटनं उतरलेली दुसरी पॅरा पलटण म्हणजे मूळची तिसरी मराठाच, हे सांगताना मात्र खुलले होते. तुझ्या सहा पानांत ही झोप कुठंच नाही.

आता चुकीची गोष्ट. ११ डिसेंबरला आजी मागच्या भिंतीशी पणती लावते ती जमालपूरच्या विजयाची, असं तू लिहिलंयस. ती पणती भूकंपाची आहे. लढाईच्या बरोबर चार वर्षं आधी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तुमची मागची भिंत आजीच्या थोरल्या जावेवर कोसळली. आबा तेव्हा कुठल्याशा सीमेवर. चार दिवस आजी पोरं घेऊन वैरणीच्या गंजीजवळ उघड्यावर राहिली. पुढं दर वर्षी ती पणती लावायची आणि आबा शेजारी टोपी काढून उभे राहायचे. त्यांच्या मनात त्या वेळी कुठलं ११ डिसेंबर असायचं, मी विचारलं नाही. तूही अंदाज करू नकोस. दोघं उभी राहायची, एवढं लिही.

काळ्या ट्रंकेतली पत्रं बघितलीस का? पत्त्यात ५६ एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा नंबर, असेल तर टपाल दिल्लीमार्गे जायचं, ९९ असेल तर कलकत्त्यामार्गे. गावाचं नाव पत्रात घालायची मुभा नव्हती, पण या दोन आकड्यांवरून आणि तारखांवरून ते कोणत्या अंगाला होते ते लागेल. मनीऑर्डरची कुपनं फेकू नकोस. खालच्या चार बोटं जागेत माणूस किती मावतो ते त्यात दिसेल.

आजीची उत्तरं माझ्या अक्षरात आहेत, हे तुला माहीत नसेल. तिला लिहिता येत नव्हतं. मी नवा मास्तर, रविवारी ओसरीवर बसून लिहायचो. आणि सगळं लिहीत नव्हतो. १९७२ च्या दुष्काळात ती कामावर खडी फोडायला जायची. हाताला फोड आलेले, पदरात पोरांसाठी सुकडी बांधलेली. म्हणाली, ‘‘गुरुजी, हे त्यांना लिवू नगा. रायफल धरून उभं ऱ्हायचंय त्यांना.’’ मी ‘इकडील सर्व क्षेम’ लिहिलं. तेव्हा ट्रंकेतल्या पत्रांवर आंधळा विश्वास ठेवू नकोस. माझं अक्षर सुंदर आहे, इतकंच.

हिशोब कर. १९६३ ते १९८१, अठरा वर्षं. वर्षाला दोन महिने रजा धरली तर संसाराला मिळाली तीन वर्षं. तुझा बाप सहा वर्षांचा असताना ते रजेवर आले, तर हा आत धावत गेला, ‘‘आई, पाव्हणं आलंत!’’ आबा तसेच उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी सोडत राहिले, बराच वेळ. त्यानंतरची चाळीसेक वर्षं तू ‘निवृत्तीचं शांत जीवन’ या तीन शब्दांत उरकलीस! कराडला बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन बसणारा, संध्याकाळी सायकलला भाजीची पिशवी लावून येणारा, पोरांशी काय बोलावं न कळून त्यांच्या वह्यांना नीट कव्हरं घालत बसणारा माणूस तुझ्या पानांत नाही. तुला सायकल कोणी शिकवली? तेही नाही.

एक व्यवहाराचं. आजीच्या कुटुंबनिवृत्तीवेतनाचं अडलंय, असं तुझा बाप म्हणाला. पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या घरच्यांची नोंद होते त्या कागदात, तिचं माहेरचं नाव लागलंय, आधारवर सासरचं. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश घेऊन साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन ये. पुस्तिका महिनाभर उशिरा निघाली तरी चालेल, हे काम आधी.

आणि आजीजवळ बस. वही उघडू नकोस, शेंगा फोडायला घे. खडीची गोष्ट गुरुजींनी सांगितली म्हण. रागावेल माझ्यावर, रागावू दे. आबांना ती पुढं कधी कळली का, हे मलाही तिच्याकडूनच ऐकायचंय.

सोमवारी ट्रंक घेऊन ये. चष्म्याचा नंबर बदलून आणलाय.

तुझे,
गुरुजी